चंपीच्या मापाची चोळी

गेल्या महिन्यात पुण्याच्या एका कॉलेजातली मुलगी माझ्याकडे आली होती. हातात चार पानांचा छापील फॉर्म, विषय समाजशास्त्र. "आजोबा, तुमच्या तरुणपणी खेड्यातली मुलं मोठी झाली, हे कशावरून ठरायचं?" हा तिचा पहिला प्रश्न. खाली चौकोन होते: वय, शिक्षण, लग्न, नोकरी. एकावर खूण करायची. मी म्हटलं, "बाई, यात माझा चौकोनच नाही." ती म्हणाली, "मग 'इतर'मध्ये लिहा." 'इतर'पुढे जागा होती बोटभर. पोरगी गोड होती, चहा घेऊन, माझा फोटो काढून निघून गेली. पण प्रश्न काही माझ्या डोक्यातून जाईना. बोटभर जागेत मावलं नाही ते इथं लिहितो आहे.

मी शिंपी. पौडच्या बाजारात एका किराणा दुकानाचा ओटा मला मिळाला होता. वर पत्रा, एक पायमशीन, कापड बेतायला एक फळी आणि भिंतीला खिळे, एवढंच माझं दुकान. लोक मला मास्तर म्हणत. शाळेतल्या मास्तरांना गुरुजी म्हणत, त्यामुळे आम्हा दोघांत कधी घोटाळा झाला नाही. मी स्वतः सातवी नापास. ते गुरुजी मला ओळखून होते, म्हणून माझ्याकडेच सदरे शिवत. बहुतेक मला दोन पैसे मिळावेत म्हणूनच असावं.

पन्नास-साठच्या त्या काळात वय कुणालाच माहीत नसे. पोर शाळेत घालायला आणलं की गुरुजी त्याचे दात बघत, आईला दोन प्रश्न विचारत आणि जन्मतारीख एक जून लिहून मोकळे होत. आमच्या मुळशीतली निम्मी माणसं कागदावर एकाच दिवशी जन्मलेली आहेत. मग पोरगं मोठं झालं हे गावाला कळायचं कसं? तर कपड्यावरून. चड्डी घालतो तो पोरगा. लेंगा घातला की गडी. आणि हे पोरानं स्वतः म्हणायचं नसे. घरातलं एखादं जाणतं माणूस त्याला हाताला धरून आणी, माझ्या ओट्यावर उभं करी आणि म्हणे, "मास्तर, आता पुरा लावा." पुरा म्हणजे कमरेपासून घोट्यापर्यंत. हे शब्द ऐकताना पोरगं खाली मान घालून उभं असे आणि कान लालबुंद झालेले असत.

बबन नावाचा एक पोरगा मला चांगला आठवतो. त्याचा चुलता मुंबईत डबे पोचवायच्या कामाला होता. आमच्याकडची कितीतरी पोरं त्या कामाला जायची. चुलता सुट्टीला आला तो बबनला बरोबर न्यायचं ठरवूनच. सकाळी पोरगं चड्डीत ओट्यावर आलं आणि दुपारी पांढरा लेंगा, सदरा आणि टोपी घालून खाली उतरलं. उतरताना लेंग्यात पाय अडकून पडता पडता वाचलं. पण गंमत पुढेच आहे. सकाळी ज्या पानवाल्यानं "ए बबन्या, बाजूला हो" म्हणून त्याला हटकलं होतं, त्यानंच दुपारी हाक मारली, "काय बबनराव, निगाला व्हय म्हमईला?" बबननं आधी मागं वळून बघितलं, हा कोणाला हाक मारतोय म्हणून. मग त्याच्या ध्यानात आलं. मला तेव्हा इतकं हसू आलं आणि त्याच्या आईकडे बघितल्यावर तितकंच वाईट वाटलं.

पुढे साठ सालानंतर हेच बबनराव जत्रेला गावी आले ते नळीसारखी तंग पँट घालून. झालं, आठवड्यात पाच पोरं माझ्याकडे हजर. "मास्तर, बबनदादासारकी शिवा." मी तशी पँट कधी शिवली नव्हती, पण नाही कसं म्हणणार? बबनची पँट उलटी करून, शिवण बघून बघून शिवली. पाचही पोरं जत्रेत ऐटीत फिरली. पण दुपारी पंगत बसली तेव्हा एकालाही मांडी घालता येईना. पाचही जण खांबाला टेकून उभ्यानं जेवले, वाढपी हसून हसून बेजार. त्यातल्या एकाचा बाप दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आला आणि पँट फळीवर आपटून म्हणाला, "मास्तर, हिच्यात वाकून भात लावणार हाय का त्यो? का मी उबा भात लावू?" मी दोन्ही बाजूंनी उसवून, पट्ट्या जोडून ती सैल करून दिली. पोरगं आठवडाभर माझ्याशी बोललं नाही. त्याच्या दृष्टीनं मी म्हाताऱ्यांच्या बाजूला गेलो होतो. माझं वय तेव्हा जेमतेम पस्तीस.

पोरांचं हे असं हसण्यावारी जायचं. पोरींचं तसं नव्हतं. पोरगी लहान असेपर्यंत परकर-पोलकं. मग एके दिवशी तिला लुगडं नेसवायचं आणि चोळी घालायची. लुगडं नेसलेली पोरगी शाळेच्या बाकावर बसत नसे. तसा काही नियम लिहिलेला नव्हता, गुरुजी कधी नाही म्हणाले नसते, पण लुगड्यातली पोरगी शाळेत गेली असं मी त्या काळात एकदाही पाहिलं नाही. लुगडं आलं की पाठोपाठ बघायला पाहुणे यायचे. म्हणजे पहिली चोळी शिवायला कापड माझ्या फळीवर आलं की त्या पोरीची शाळा संपली हे मला तिच्याआधी कळायचं.

पहिल्या चोळीचा खण मामानं द्यायचा, अशी आमच्याकडच्या घरांत रीत होती. खण म्हणजे दोन्हीकडं काठ असलेलं कापड, बरोबर एका चोळीपुरतं. काठ बाह्यांवर यावे लागतात. कात्री एकदा चुकली की जोड देता येत नाही, खण गेला म्हणजे गेलाच. आणि माप? ही गोष्ट त्या पँटींच्या दहा वर्षं आधीची, मी तेव्हा चोवीस-पंचविशीचा, बिनलग्नाचा. बाईमाणसाला टेप लावणं म्हणजे गाव सोडायची तयारी. त्यामुळे बाया जुनी चोळी मापाला आणत. पहिल्या चोळीला जुनी कुठून आणणार? मग घरी आई दोऱ्यानं माप घ्यायची. पाठीला एक गाठ, छातीला एक, दंडाला एक. तो गाठी मारलेला दोरा खणाबरोबर माझ्याकडं यायचा. दोऱ्यावरून चोळी शिवण्यात माझा हात बसला होता. एकही चोळी परत आली नव्हती, आणि हे मी बाजारात चार लोकांना ऐकवतही असे.

गेनबाची थोरली पोरगी इंदू. पौडपासून मैलभरावर त्यांची वाडी. गेनबाची भातशेती चांगली, माणूस तोंडानं फटकळ पण मनानं सरळ. इंदू सातवीला होती. तेव्हा सातवीची परीक्षा साधी नसे. तिला फायनल म्हणत, आणि ती पास झालेल्याला शाळेत मास्तरकी मिळू शकत असे. आख्ख्या पंचक्रोशीत कुणा पोरीनं फायनल दिलेली नव्हती. गुरुजी इंदूच्या मागं लागले होते. माझ्याकडून सदरा न्यायला येत तेव्हा तिच्याच गणिताच्या गोष्टी सांगत.

परीक्षेला दीड महिना उरला असताना, बाजारच्या दिवशी, इंदू आणि तिची आई सरूवहिनी माझ्या ओट्याशी आल्या. वहिनींनी हिरवा खण फळीवर ठेवला. "मास्तर, इंदीची चोळी. पुडल्या बाजाराला द्या. पाव्हनं यायचं हायेत." एवढं बोलून त्या बांगड्यांच्या दुकानाकडं वळल्या आणि मागं उरलेल्या इंदूला म्हणाल्या, "दोरा दे मास्तरास्नी आनि ये."

इंदूनं दोरा दिला. मी सवयीनं तो बोटांवर धरला. पाठीची गाठ चांगली चार बोटं आधी आलेली. याच पोरीच्या परकराची खालची दुमड दिवाळीत मीच उसवून दिली होती, तिची उंची मला ठाऊक होती.

मी म्हटलं, "हे माप तुझं नाही."

"न्हाई."

"मग कुणाचं?"

"चंपीचं." चंपी म्हणजे तिची धाकटी बहीण, अकरा-बारा वर्षांची, चौथीत. इंदूनं एकदा मागं वळून आईकडं पाहिलं आणि घाईघाईनं म्हणाली, "मास्तर, गाठी मोजू नका. हाय तशी शिवा. चोळी झाली की माजी शाळा सुटतीया. चोळी बिगाडली तर मामाकडनं दुसरा खण यीपर्यंत फायनल हुईल. मामा पार मुळशीच्या धरनाच्या वरच्या अंगाला असतोय."

मी म्हटलं, "अगं, आणि माझी अब्रू?"

ती म्हणाली, "तुमी काय, शिवतच ऱ्हाणार हाये. मला एकदाच हाये फायनल."

खरं सांगतो, मला तिचा राग आला. एवढीशी पोर, आणि माझ्या हातून खण वाया घालवायला सांगते. खण तीन दिवस खिळ्याला लटकत होता. मी दुसरी कामं काढत होतो, काज करत होतो, आणि नजर पुन्हा पुन्हा त्या हिरव्या काठांकडं जात होती. मीही सातवीला नापास झालेला माणूस. मला एक वर्ष जास्त मिळालं असतं तर कदाचित मीही गुरुजी असतो, असं मी तोवर कुणाला म्हटलं नव्हतं. चौथ्या दिवशी खण फळीवर घेतला आणि चंपीच्या मापाची चोळी बेतली. शिवण मात्र सुरेख घातली. वाईट शिवायचं माझ्याच्यानं झालं नाही.

चोळी घरी गेली आणि दुसऱ्याच दिवशी गेनबा माझ्या ओट्यापुढं हजर. मागं सरूवहिनी, त्यांच्यामागं इंदू. समोर तीन गिऱ्हाइकं बसलेली. गेनबानं चोळी माझ्या तोंडापुढं धरली. "मास्तर, डोळं फुटलं का काय तुमचं? ही चोळी हाय का टोपडं? पोरीचा हातबी आत जाईना!"

मी दोरा जपून ठेवला होता. तो काढून चोळीवर धरला. गाठी बरोबर जुळल्या. "गेनबा, दोऱ्यात असेल तसं मी शिवतो. गाठी तुमच्या घरच्या."

गेनबा बायकोकडं वळला. इंदूचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. मला वाटलं, आता हिला मार बसतो आणि वर माझं नाव जातं. तेवढ्यात सरूवहिनी शांतपणे म्हणाल्या, "माजंच चुकलं. चुलीपुडं बसून गाठी मारल्या, धुरानं दिसलं न्हाई."

गाठी इंदूनंच मारल्या असणार, वहिनींनी त्या दोऱ्याला हातसुद्धा लावलेला नसावा. त्यांनी इंदूकडं पाहिलंही नाही. माझ्याकडं मात्र पाहिलं. त्यांना सगळं कळलं होतं. गेनबा बराच वेळ बायकांच्या कामाला आणि शिंप्यांच्या अकलेला नावं ठेवत राहिला, मग मामाला निरोप धाडायचं ठरलं आणि ती तिघं गेली. त्या दिवसापासून बाजारात माझी थट्टा सुरू झाली. "मास्तर, टोपडी शिवता म्हनं आजकाल?"

मामा दुसरा खण घेऊन आला तोवर इंदू परकरातच फायनलला बसून आली होती. पासही झाली. गुरुजी निकाल सांगायला स्वतः वाडीवर गेले. आणि आमचा गेनबा! पोरगी शाळेत जाते म्हणून पाहुण्यांपुढं लाजणारा हा माणूस पुढच्या बाजाराला हातात गुळाची ढेप घेऊन फिरत होता. "आमच्या इंदीनं फायनल काडली. घ्या, घ्या, मास्तर, तुमीबी घ्या. चोळी बिगाडलीत, तरी घ्या." ठरत आलेलं स्थळ फायनल पास पोरगी नको म्हणून मागं हटलं. त्यावर गेनबा चिडला आणि हट्टानंच तिला ट्रेनिंगला धाडलं. इंदू मास्तरीण झाली. धरणाच्या वरच्या अंगालाच शाळा मिळाली, मामाच्या गावाजवळ.

मी मनातल्या मनात फार खूश होतो. एक खण वाया घालवून पंचक्रोशीतली पहिली शिकलेली बाई घडवली, असं मला वाटायचं.

खण वाया गेला नव्हता, हे मला त्याच वर्षी भातकापणीच्या दिवसांत कळलं. बाजारात एक एवढीशी पोर डोक्यावर पाटी घेऊन चाललेली दिसली. लुगडं तिला इतकं मोठं की निम्मं कमरेला खोचलेलं. आणि अंगात हिरवी चोळी. स्वतःची शिवण मी शंभर हातांवरून ओळखतो. मी ओट्यावरून उतरून रस्त्यात गेलो.

"चंपे, शाळा?"

"सोडली की." ती हसत होती. "चोळी तयारच हुती न्हवं? आई म्हनली, मामाचा खण हाय, वाया कशाला घालवायचा. इंदूताई तर आता शिकाय जानार, घरात कुनीतरी नगं का हाताखाली?" मग तिनं पाटी सावरत दंड पुढं केला, काठ दाखवला आणि म्हणाली, "लई ब्येस बसलीया, मास्तर. कुटंबी टोचत न्हाई."

ती मनापासून सांगत होती. मोठं झाल्याचा तिला आनंद होता, सगळ्यांच्या आधी लुगडं मिळाल्याची ऐट होती. तिच्याच मापाची होती, टोचणार कशी? मी परत येऊन मशीनवर बसलो आणि संध्याकाळपर्यंत एक टाका घातला नाही. दीड महिन्याची सवड मी इंदूला दिली, असं मी समजत होतो. ती चंपीच्या वाट्याची काढून दिली होती. पुढच्या वैशाखात चंपीचं लग्न झालं, भूगावला दिली. तिच्या लग्नाच्या चोळ्याही मीच शिवल्या.

पुढची कितीतरी वर्षं मी दोऱ्याच्या गाठी दोनदा मोजत असे. पोर लहान वाटली तर "जरा थांबा, अंग वाढतंय अजून, वर्षभरानं चोळी नीट बसेल" असं आयांना सांगू लागलो. काही ऐकायच्या, काही हसायच्या. मास्तर काम टाळतोय, म्हणायच्या. टाळतच होतो.

त्यानंतर बारा-तेरा वर्षं गेली असतील. एस.टी. नेहमीची झाली होती, रेडीमेड कपडे पुण्याहून यायला लागले होते, माझ्या फळीवर आता फ्रॉक जास्त आणि चोळ्या कमी. एके दिवशी भूगावच्या गाडीतून चंपाबाई उतरली. अंगानं भरलेली, हाताला एक पोरगी धरलेली, नऊ-दहा वर्षांची. ओट्याशी येऊन तिनं पिशवीतून निळं कापड काढलं.

"मास्तर, ह्या पोरीला परकर शिवायचा हाय. शाळंचा."

"माप?" मी विचारलं. तोवर लग्न होऊन दोन पोरांचा बाप झालो होतो, तरी सवय जात नाही.

"पोरगीच आनलीया," ती म्हणाली. "दोऱ्यावर माजा भरवसा न्हाई. इंदूताईनं सांगितलंय मला सगळं."

मी हातातला खडू फळीवर ठेवला. इतक्या वर्षांत जे बोलायचं राहून गेलं होतं ते मी एकदाचं तोंडावर आणलं. "चंपाबाई, ती चोळी... माझं चुकलं."

"चोळी लई ब्येस हुती. दोन वर्सं घातली म्या." ती हे हसून म्हणाली, पण डोळे माझ्यावरून हलवले नाहीत. मग पोरीला पुढं ढकलून ओट्यावर उभी केली. "परकर मातर लांब ठिवा, मास्तर. आत चार बोटं दुमडून. दर वर्साला येते, एकेक बोट उसवून द्या. फायनलपतूर ह्योच पुरला पायजेल."

मी टेप काढली. पोरगी ताठ उभी राहिली. कमरेपासून घोट्यापर्यंत माप घेतलं आणि कापडावर खडूनं खूण करताना चार बोटं मोजली, मग आणखी दोन. चंपाबाई बघत होती. म्हणाली, "कापड पुरंल नव्हं?"

"पुरवतो," मी म्हटलं.